आबांच्या गळ्यातला ओला टॉवेल

प्रिय आक्का,

फोन केला तरी माझाच गुन्हा आणि न्हाई केला तरी माझाच, असं कसं चालंल गं? दिवाळीत लावला तर तू कापलास. "आक्का, एकदा बोल की" असा मेसेज टाकला तर मला ब्लॉकच करून टाकलंस. आईला सांगितलं तर ती म्हणते तुमचं तुमी बघा, मला मधी घेऊ नका, माझं मला काय कमी हाय का. खरं तर रुसायचा मान माझा होता. वर्षभर मी रुसून बसलो, तवा तू गप होतीस. आता मी जरा सैल झालो तर तू आतनं कडी लावून बसलीस. मोठी बहीण म्हणून समदं तुझ्याच वाट्याला पाहिजे का? म्हणून म्हटलं पत्र लिहू. पत्र काय ब्लॉक होत न्हाई. उंब्रजचा अर्जुना इथं माझ्या मिलमधी फिटर हाय, त्याची सासुरवाडी तुझ्या माधवनगरातच. तो सुट्टीवर निघालाय. त्याला सांगितलंय, दार उघडलं तर हातात दे, न्हाई उघडलं तर दाराखालनं सरकव, आणि आत पाय वाजल्याशिवाय हलू नको. माझ्या अक्षराला हसू नको. नववीतनं पळालो तवापास्नं पगाराच्या सहीशिवाय काय लिहिलेलं न्हाई. चुका निघतील त्या पोटात घाल.

मी कुठं हाय ते तरी तुला ठाव हाय का? मेरठच्या फुडं, एका साखर कारखान्यात. इथं आपल्यासारखाच चौफेर ऊस, पण डोंगर एक न्हाई. सकाळी उठून बघावं तर जमीन नुसती ताट उपडं घातल्यासारखी. पयल्या महिन्यात मला लय चुकल्यासारखं व्हायचं, डोळा कशाला टेकवायचा तेच कळायचं न्हाई. थंडी अशी की धुक्यात समोरची बैलगाडी दिसत न्हाई, नुसत्या घुंगरांवरनं बाजूला व्हायचं. माणसं वाईट न्हाईत. जेवण झालं की गुळाचा खडा हातावर ठेवतात, "खाओ भाई, हाजमा ठीक रहेगा." मी घेतो आणि खिशात टाकतो. आबा गेल्यापास्नं गूळ तोंडात टाकलेला न्हाई. गोडाच्या जेवणाला मनुआत्तीनं पानात वाढला होता, तवा मी पानच सरकवलं. ती म्हणाली, गोड केल्याशिवाय सुतक कसं फिटंल रं? मी म्हटलं, न्हाई फिटलं तर राहू दे. तू त्या वेळी पलीकडच्या पंगतीत बसली होतीस. तू खाल्लास का न्हाई ते मी बघितलं न्हाई. बघायचंच न्हवतं मला.

माझं काम ऐकशील तर तुला मजा वाटंल. मी इथं धुतो. कपडे न्हवं, मिल. उसाचा रस ज्या पन्हाळीतनं पळतो ती पन्हाळी, रोलरखालचे कोनेकोपरे, टाक्या, चाळण्या. दर पाळीला गरम पाण्याचा पाइप घ्यायचा आणि वाफ सोडत हिंडायचं. लोकांना वाटतं साखरेचा कारखाना म्हणजे समदं गोड. आत येऊन वास घ्या म्हणावं. एक पाळी धुतलं न्हाई तर कोपऱ्याकोपऱ्याला पांढरा बुळबुळीत थर धरतो, भिजवलेला साबुदाणा फुगून एकमेकाला चिकटल्यावर दिसतो तसा. हात लावला की थरथरतो. इथली पोरं त्याला मेंढक के अंडे म्हणतात. पयल्या दिवशी मी तो ओंजळीत घेतला आणि मला तू आठवलीस. राग होता तरी आठवलीस. इथला केमिस्ट त्यागीजी मला समजावून सांगायला लागला, "देख शंभू, ये बैक्टीरिया का काम है." मी म्हटलं, मालूम है. त्यो म्हणाला, कैसे मालूम? मी म्हटलं, मेरी बहन ने बताया था. बहीण काय करती विचारलं, तर मी पाइप उचलून फुडच्या टाकीकडं सरकलो.

तुला आठवतंय न्हवं, तू बीएस्सीला होतीस आणि दिवाळीच्या सुट्टीत गुऱ्हाळावर आली होतीस ते? कोंडीबाअण्णाचा ट्रॅक्टर बिघडला होता, तोडलेला ऊस तसाच उन्हात पडून राहिला आणि मग गाळायला आला. आबा तिथं गुळव्या, गूळ पाडायचं काम त्यांचं. त्यांनी काहिलीत रसाचं आदण चढवलं, भेंडीचं पाणी नेहमीसारखं घातलं, मळी काढली, समदं केलं, पण गूळ काय बसंना. वाफ्यात ओतला तर निवून दगड व्हायच्या ऐवजी चिंगम झाला. उलथनं वर घेतलं की हातभर तार. कोंडीबाअण्णा डोकं धरून बसला, गुळव्यानं आदण बिघडवलं असं बोललासुद्धा. आबा म्हणालं, "गुळव्या न्हाई, ऊस शिळा हाय. रसालाच तार सुटली." पण तार का सुटती ते त्यांना सांगता येईना. तू बाजूला बसून ऐकत होतीस. मग तू म्हणालीस, मी सांगू?

तू सांगितलेलं मला अजून तोंडपाठ हाय. शाळेतलं एक अक्षर राहिलं न्हाई, पण हे राहिलं. तोडलेल्या उसाच्या जखमेतनं जंतू आत शिरतो. तो एक एन्झाइम बाहेर सोडतो. तू म्हणालीस, ते एन्झाइम म्हणजे कात्रीबी हाय आणि सुईबी हाय. उसाची साखर दोन मण्यांची असती. कात्री तिचे दोन मणी वेगळे करती. एक मणी जंतू खाऊन टाकतो. दुसरा मणी सुई मागच्याला जोडती, त्याला फुडचा, त्याला फुडचा, अशी माळच माळ. माळेत माळ गुंतून जाळं होतं, जाळ्यात पाणी बसून बुळबुळ होती, आणि जंतू त्या बुळबुळीत घर करून मजेत राहतात. मग ऊन लागत न्हाई, पाणी वाहून नेत न्हाई, औषध टाकलं तर आत पोचत न्हाई. सकाळी उठल्यावर दातावर जीभ फिरवली की जे लागतं ते हेच, असंबी म्हणालीस, आणि आमी चौघं-पाच जण काहिलीभोवती उभं राहून दातावरनं जीभ फिरवायला लागलो. कोंडीबाअण्णासुद्धा. आबांनी समदं नीट ऐकून घेतलं आणि म्हणालं, "म्हंजी माझीच साखर खायाची, माझ्याच साखरेचं घर बांधायचं आनि वर मलाच आत यिऊ द्यायचं न्हाई. अगं, ह्यो तर घरजावईच की!" चुलवाणापाशी बसलेला जाळव्या इतका हसला की त्याच्या हातातलं चिपाड पडलं. त्या दिवसापास्नं आपल्या घरात जंतूचं नाव घरजावई. माठ आतनं बुळबुळला की आई काथ्यानं घासायची आणि आबा ओट्यावरनं ओरडायचं, "घरजावई गेला का गं?"

आणि तुझं नाव डाक्टरीण. तू किती सांगितलंस की मी मायक्रोबायॉलॉजी करतीय, मला सुई टोचता येत न्हाई. आबांचं आपलं एकच, "माणसं बघणारा डाक्टर वायला, न दिसणारं बघणारी आमची डाक्टरीण वायली." तुला सांगलीच्या ल्याबमधी नोकरी लागली तवा त्यांनी उंब्रजच्या बाजारात ओळखीच्या-बिनओळखीच्याला पेढे दिलं. माझं मातुर काय, "ह्या शंभ्याला चुलवाणापाशी बांधून घाला, न्हाईतर पळंल." पळत होतोच मी. पुण्याला हॉटेलात, मग भिवंडीला, मग बेळगावला ट्रकवर. कुठं चार महिनं टिकलो न्हाई. पण सुगीला गुऱ्हाळ सुरू झालं की आबांच्या हाताखाली यायचोच. का यायचो ते मला तवा ठाव न्हवतं.

मग आबांची किडनी. मला तो शब्द लिहायलाबी नको वाटतो. साखरेनंच खाल्ली, काय म्हणायचं. जन्मभर गोड शिजवलं त्याला. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस आणि त्यासाठी मानेत घातलेली ती नळी. ती घालताना आबा ओरडलं ते मी दाराबाहेर ऐकलं. काहिलीचा पाक पायावर सांडला तवा "च्" केलं न्हवतं त्या माणसानं. नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ही जागा कोरडी ठेवायची, ओलं झालं तर लगेच पट्टी बदलायची, हीच तुमच्या वडलांची जीवनदोरी. मी चिकटपट्टीचं रीळ कायम पिशवीत ठेवायचो. आबा तुझ्या माधवनगरच्या खोलीवर राहायचं, तू ल्याबमधनं येऊन त्यांना पथ्याचं करून घालायचीस, बिनमिठाचं, आणि ते म्हणायचं, "डाक्टरीण, ह्यापरास ल्याबात जंतूस्नी घालतीस ती पेज बरी असंल." हसत होतो आपण. लय दिवस हसत होतो.

भाऊबीजेला समदी गावी आलो. तू मला ओवाळलंस आणि दुसऱ्या दिवशी कोंडीबाअण्णाचं गुऱ्हाळ पेटायचं होतं. आबांचा हट्ट, पयलं आदण मीच उतरवणार. तू झालीस त्या साली सुगीच्या पयल्या आदणातली लहान ढेप आबांनी तुझ्या पाळण्याखाली ठेवली होती, आणि तवापास्नं दर सालची पयली ढेप लेकीची. तू हॉस्टेलवर असताना मी एसटीनं घेऊन यायचो, तुझ्या मैत्रिणी आधीच पोत्याचा फडका सोडून बसलेल्या असायच्या. आबा म्हणालं, "नुसतं शेवटाला गोळी बघतो. हात लावत न्हाई." आई न्हाई म्हणाली न्हाई. मी गाडी काढली. तू मागनं चालत आलीस. आणि हात लावत न्हाई म्हणणारा माणूस तिथं गेल्यावर कसला थांबतोय? मानेला टॉवेल गुंडाळला, नळी झाकली आणि काहिलीच्या कडंला उभं राहिलं. रस फुटायला लागला तशी वाफेत दिसेनासं झालं. मळी काढली. भेंडीचं पाणी सोडलं. नवा जाळव्या जाळ जास्त करत होता तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. दोन महिन्यांत त्यांचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला न्हवता. शेवटाला पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, गोळी केली आणि पत्र्यावर मारली. टण्ण. तो आवाज इथं धुक्यात मला कितीदा ऐकू येतो. मग तुझी ढेप त्यांनी स्वतःच्या हातानं थापली, आणि हाताला लागलेलं टॉवेललाच पुसलं.

फुडचं तुला सांगायला नको. आठवड्याच्या आत ताप. ॲडमिट केलं, सलाइनमधनं औषध दिलं, ताप उतरला, आपण घरी आलो. मी तर आईला म्हटलं, सुटलो. डायलिसिसला नेलं आणि मशीन सुरू झाल्यावर जरा वेळात आबा असं कापायला लागलं की पलंग वाजत होता. परत ॲडमिट, परत औषध, परत उतरला. परत मशीन, परत हुडहुडी. तू रक्त तुझ्याच ल्याबला नेलंस, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाईस. दोन दिवसांनी आलीस तवा तुझा चेहरा बघूनच आबांनी विचारलं, "काय गं, माझ्या नळीत घरजावई बसला व्हय?" तू व्हय म्हणालीस. ते हसलं. तू पण हसलीस आणि खिडकीकडं वळलीस.

डॉक्टरनी नळी काढायची म्हटलं. मी नको म्हटलं. किती तरास काढून घातलेली नळी, तिच्यावरच जगतायत, ती काढली तर मशीन कशावर लावणार? औषधानं ताप उतरतोय की, अजून द्या, दुप्पट द्या. तू मला जिन्याखाली घेऊन गेलीस आणि सांगितलंस, "शंभ्या, औषध रक्तातल्याला मारतंय. नळीच्या आतल्या अंगाला त्यांनी थर केलाय, तिथं पोचत न्हाई रं. मशीन लावलं की तिथनं सुटत्यात आनि परत रक्तात येत्यात. नळी जाईस्तवर हे थांबणार न्हाई. मग दोन दिवस थांबून दुसऱ्या बाजूला नवीन घालायची." मी म्हटलं, तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव. सही तू केलीस. नळी निघाली. दुसरी घालायच्या आत, दुसऱ्याच दिवशी दुपारी, आबा गेलं.

आणि हॉस्पिटलच्या फाटकात, त्या शहाळ्याच्या गाड्यापाशी, मी काय बोललो ते तुला ठाव हाय, मला ठाव हाय, शहाळंवाल्यालाबी ठाव हाय. तूच मारलंस म्हणालो. गावात गेल्यावर मनुआत्ती म्हणाली, "शिकलेली ल्येक, बापाचीच नळी उपटली." मी तिला गप केलं न्हाई. तू एका शब्दानं उलटून बोलली न्हाईस. बारा दिवस घरात होतीस, भांडी घासत होतीस, आल्यागेल्याला पाणी देत होतीस, आणि गप. मला वाटलं, गप हाय म्हणजे पटलंय. गोडाचं जेवण झालं तशी तू सांगलीला गेलीस आणि मी इकडं पळून आलो.

आता इथलं सांगतो. ह्या सुगीला कारखाना सुरू झाला आणि रोलरचा गिअर तुटून मिल दीड दिवस बंद पडली. रस पाइपातच राहिला. परत सुरू केल्यावर रस आंबूस यायला लागला. त्यागीजीनं औषध सोडलं. दुसऱ्या पाळीला रस झकास, ल्याबचा आकडा चांगला, समदे खूश. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत तेच. परत औषध, परत झकास, परत तेच. सुपरवायझर म्हणाला दवाई डबल करो. आक्का, तेच शब्द. दुप्पट द्या. त्यागीजी म्हणाला, "डबल से कुछ नहीं होगा, पाइप खोलो." सुपरवायझर ओरडला, पाइप खोललं तर गाळप थांबंल, नुकसान कोण भरणार. त्यागीजी म्हणाला, "नहीं खोलोगे तो रोज़ थोड़ा थोड़ा रुकेगा." अर्जुनानं बोल्ट सोडलं. बाहेरनं ते पाइप माझ्या हातानं रोज धुतलेलं, चकचकीत. आत हात घातला तर कोपरापर्यंत गार, बुळबुळीत, मऊ. ओढला तशी सालीसारखी जाड वादी निघत आली, तिच्यावर ते मेंढक के अंडे. वरनं दिलेलं समदं औषध तिच्यावरनं नुसतं वाहून गेलेलं. मी तो गोळा हातात घेऊन तिथंच खाली बसलो. अर्जुनाला वाटलं मला चक्कर आली. त्यानं पाणी आणलं. मी नुसतं म्हणत होतो, घरजावई हाय रं, घरजावई. त्याला वाटलं पोरगं गेलं कामातनं.

मग त्यागीजीनं इथं आणखी एक एन्झाइम वापरतात ते दाखवलं. पिंपात येतं, महाग असतं. पयलं एन्झाइम माळ ओवतं, हे माळ तोडतं. रसात सोडलं की चिकटपणा सैल होतो. मी त्याला विचारलं, हे माणसाच्या नळीत सोडता येतं का? त्यानं पिंपाचं झाकण लावलं आणि म्हणाला, "किसका गया?" मी म्हटलं, बाप. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला ह्यावर कुठंकुठं लोक काम करतायत, अजून आपल्यापर्यंत पोचलेलं न्हाई. पाइपातल्या साखरेची माळ वेगळी, माणसातल्या जंतूची वेगळी, तिला कापणारी कात्री वेगळी पाहिजे. तू असतीस तर हेच सांगितलं असतंस. फक्त मराठीत, आणि मला समजंल असं.

त्या दिवसापास्नं मला एक गोष्ट कळंना झालीय. तुझं खरं होतं हे कळल्यावर मला बरं वाटायला पाहिजे होतं न्हवं? तसं झालं न्हाई. उलट त्या दिवशी आबा गेलं. म्हणजे आधी गेलं होतं, मीच खांदा दिलेला, पण तवा मला गेल्यासारखं वाटलंच न्हवतं. तुझ्यासंगं भांडण होतं. कामात, जेवताना, आंघोळ करताना मी तुझ्यासंगं भांडत होतो, तू नळी ठेवली असतीस तर असं, आणि तसं, आणि त्या भांडणात आबा अजून खाटेवर होतं, नळी अजून मानेत होती, अजून काय तरी करता येत होतं. पाइप खोलल्यावर ते संपलं. नळी ठेवली असती तरी गेलं असतं. शेवटी डॉक्टर म्हणालं होतं की जंतू काळजाच्या झडपेवर जाऊन बसलं होतं, तेबी मी ऐकलं होतं, पण कानाच्या आत घेतलं न्हवतं. आता दोष द्यायला कुणी उरलं न्हाई गं आक्का. दोष द्यायला कुणी नसलं की माणूस खरंच मेलेला असतो. वर्षानं मी रडलो, मिलच्या मागं, चिपाडाच्या ढिगाऱ्यापाशी. चिपाडाचा वास तोच. गुऱ्हाळाचा.

एवढं लिहून मी कागद बाजूला ठेवला होता, कारण जे लिहायला बसलो ते अजून लिहिलंच न्हाई. आईनं परवा सांगितलं की तू ल्याब सोडलीस. सांगलीत साड्यांच्या दुकानात बसतीस म्हणं, घड्या घालतीस. आईला वाटतंय शंभ्या बोलला म्हणून सोडली. मला ठाव हाय, माझ्या बोलण्यानं सोडणारी तू न्हाईस. माझं बोलणं तू कवा मनावर घेतलंस? मी बघितलं होतं, आक्का. पयल्या आदणाला, आबा वाफेतनं बाहेर आलं तवा टॉवेल पिळावा इतका ओला झालेला होता. तू चुलवाणाच्या पलीकडं उभी होतीस. तुझी नजर त्या टॉवेलवर गेली, आणि तिथंच थांबली. तुझं तोंड उघडलं. तेवढ्यात गोळी पत्र्यावर वाजली आणि आबा ओरडलं, "डाक्टरीण, बघ, टण्ण!" आणि तू तोंड मिटलंस. टाळी वाजवलीस. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तू पट्टी बदललीस, आणि रीळ माझ्या पिशवीत टाकताना तू माझ्याकडं बघितलं न्हाईस. म्हणून फाटकात तू गप होतीस. नळीसाठी न्हवं. टॉवेलसाठी. मी तुला नळीवरनं मारत होतो आणि तू टॉवेलवरनं मार खात होतीस. तर ऐक. कोरडं ठेवा हे नर्सनं मला सांगितलं होतं, तुला न्हाई. ओलं ओळखायला बीएस्सी लागत न्हाई. मलाबी दिसलं होतं आणि मलाबी तो आवाज ऐकायचा होता. टॉवेलातनं आलं का आणखी कुठनं, तूच सांगायचीस की ते जंतू आपल्या कातडीवरच असतात, कुठनं शिरलं ते देवालाबी सांगता येणार न्हाई. समज टॉवेलातनंच आलं. त्या एका दिवशी तू डाक्टरीण न्हवतीस, नुसती लेक होतीस. एवढं चालतं, आक्का. आबांना विचारलं असतं की टण्ण पाहिजे का आणखी चार महिनं बिनमिठाचं, तर काय म्हणालं असतं ते तुलाबी ठाव हाय आणि मलाबी. घड्या घालायला सांगलीत लय पोरी हायत. कुणाच्या तरी बापाच्या नळीत आत काय बसलंय ते बघणारी, आणि त्याच्या पोराला जिन्याखाली नेऊन सांगणारी कमी हाय. परत जा. पोरगा ऐकणार न्हाई, शिव्या घालंल, तरी सांग. वर्षभरानं त्याला कुठं तरी पाइपात हात घातल्यावर कळंल. आणि मला अनब्लॉक कर, मग मी खिशातला खडा तोंडात टाकतो.

तुझाच,
शंभ्या

ता. क. अर्जुना मिरजेला उतरून थेट तुझ्याकडं येईल, त्याला चहा दे, साखर जास्त घालून. भाऊबीज तर होऊन गेली. दर सालाला ओवाळणी आबा गुपचूप माझ्या मुठीत द्यायचं आणि मी ऐटीत ताटात टाकायचो, तुला ठाव होतं तरी तू कधी बोलली न्हाईस. गेल्या सालचीसुद्धा त्यांनी उशीखालनं काढून दिली होती. ह्या वेळी पयल्यांदाच माझ्या पगारातली हाय. नोट घडी करून ठेवलीय आणि वरचा रुपया कागदाला चिकटवलाय, तो निघायला जरा तरास देईल, कारण पट्टी त्याच रिळाची हाय. जपून काढ. नेहमीएवढेच हायत, एकशे एक रुपये.